बटणावरचे १८० आणि ओव्हनच्या आतले १८०

चवथ उरकली, दिवाळी झाली आणि नाताळ जवळ आला की आमच्या फोंड्यात ओळखीतल्या दोन-चार घरांत तरी नवा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन) येतोच. आठवड्याभरात मला फोन येतो. "अगं, तू सांगितलंस तेच माप घेतलं, तरी केक मध्येच बसला." मी विचारते, ओव्हन किती अंशांवर होता? "१८०." आणि आत किती होते? यावर उत्तर नसतं, कारण ते कुणी पाहिलेलंच नसतं.

मीही सुरुवातीची दोन वर्षं ते पाहिलं नव्हतं. मैदा बदलला, बेकिंग पावडर बदलली, अंडी एक कमी एक जास्त करून पाहिली. तोच बात, म्हणजे रवा आणि नारळाचा केक, म्हापशाला वहिनीच्या ओव्हनमध्ये सोनेरी व्हायचा आणि माझ्याकडे फिकट, मध्ये ओलसर. शेवटी एक साधा ओव्हन थर्मामीटर आणला आणि कळलं की बटण १८० वर असताना माझा ओव्हन १६० च्या आसपासच फिरतोय. रेसिपीत काहीच चूक नव्हती. म्हणून नव्याने सुरू करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, पहिला केक करण्याआधी एक दुपार ओव्हन ओळखण्यासाठी द्या. काय काय करायचं ते क्रमाने सांगते.

आधी बटणाचं काम समजून घ्या

गॅसची ज्योत मोठी केली की मोठीच राहते. ओव्हनचा रॉड तसा नसतो. तो एकतर पूर्ण पेटलेला असतो किंवा पूर्ण बंद. बऱ्याचशा घरगुती ओटीजीत बटणामागचा थर्मोस्टॅट म्हणजे दोन वेगळ्या धातूंची चिकटवलेली पट्टी. तापली की एक धातू जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते आणि रॉडचा वीजपुरवठा तुटतो. थंड झाली की सरळ होते आणि रॉड पुन्हा पेटतो. पण बंद झालेला रॉड लगेच थंड होत नाही, त्यामुळे तापमान आणखी थोडं वर जातं. पुन्हा पेटलेला रॉडही तापायला वेळ घेतो, तोवर ते खाली येतं. १८० वर ठेवलेला छोटा ओव्हन १६५ ते १९५ असा झोका घेत असेल तर तो बिघडलेला नाही.

इथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नवखी माणसं त्यांची सरमिसळ करतात. पहिली म्हणजे हा झोका, तो प्रत्येक ओव्हनला असतो. दुसरी म्हणजे फरक: झोक्याची सरासरीच १८० ऐवजी १६० किंवा २०५ असणं. तिसरी म्हणजे असमान आच, म्हणजे मागचा कोपरा करपतो आणि दाराकडची बाजू पांढरी राहते. झोक्याची फार काळजी करू नका, केक सरासरीवर भाजला जातो. केक बिघडवतात ते फरक आणि असमान आच, आणि दोन्हींवर उपाय आहे.

ओव्हनच्या बाहेरच्या दिव्याबद्दलही सांगते. दिवा विझला म्हणजे ओव्हन तयार झाला असं आपण समजतो. तो विझतो तेव्हा आतली हवा पहिल्यांदा त्या तापमानाला पोचलेली असते एवढंच. भिंती, जाळी, तळाचा पत्रा अजून तापायचे असतात. अशा वेळी दार उघडून थंड डबा आत ठेवला की हवेतली उष्णता बाहेर जाते आणि ती भरून काढायला भिंतींकडे काही नसतं. म्हणून दिवा विझल्यावरही दहा मिनिटं थांबा. मी एकूण २० मिनिटांपेक्षा कमी कधीच तापवत नाही.

थर्मामीटर लावून अर्धा तास बसा

गोल तबकडीचा, जाळीवर उभा राहणारा किंवा अडकवता येणारा ओव्हन थर्मामीटर घ्या. बंदुकीसारखा लेझर दाखवणारा मिळतो तो या कामाचा नाही. तो समोरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगतो, आपल्याला केकच्या आजूबाजूचं हवं आहे.

जाळी मधल्या खाचेत लावा आणि थर्मामीटर बरोबर मध्यावर, जिथे केकचा डबा येणार तिथे ठेवा. रॉडच्या जवळ किंवा दाराला टेकवून ठेवला तर आकडा फसवतो. वरचा आणि खालचा दोन्ही रॉड चालू करून बटण १८० वर न्या आणि २० मिनिटं जाऊ द्या. मग दार न उघडता, काचेतून बघत, दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. सहा वेळा. माझ्या जुन्या ओव्हनचे आकडे असे होते: १६८, १६०, १४९, १५८, १७०, १६१. बेरीज ९६६, सरासरी १६१. म्हणजे जवळजवळ २० अंश कमी. त्या ओव्हनमध्ये मला १८० हवे असले की मी बटण २०० वर ठेवायचे.

एकदा तपासून थांबू नका. हेच १५० वर आणि २१० वरही करा, कारण सगळीकडे फरक तेवढाच असतो असं नाही. १५० ला बरोबर असलेला ओव्हन २१० ला ३० अंश मागे पडलेला मी पाहिला आहे. तिन्ही आकडे कागदावर लिहून ओव्हनशेजारच्या भिंतीवर चिकटवा. माझ्याकडे अजून तसाच कागद आहे, तुपाचे डाग पडलेला.

थर्मामीटर मिळेपर्यंत साखरेची परीक्षा करून पाहा. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. ॲल्युमिनियम फॉइलच्या वाटीत एक चमचा साखर घाला, नीट तापवलेल्या ओव्हनमध्ये बटण १७५ वर ठेवून १५ मिनिटं ठेवा. दाणे दाण्यांसारखेच राहिले पाहिजेत. मग दुसरी वाटी १९० वर १५ मिनिटं, ती वितळली पाहिजे. १७५ लाच पाणी झालं तर ओव्हन जास्त तापतो. १९० लाही कोरडी राहिली तर कमी तापतो. नेमका फरक किती ते साखर सांगत नाही, पण कोणत्या दिशेला आहे ते सांगते.

पावाच्या स्लाइसचा नकाशा

ही परीक्षा मला सगळ्यांत आवडते, कारण ती डोळ्यांना दिसते. साध्या सँडविच पावाच्या स्लाइस जाळीवर एकमेकींना चिकटवून मांडा, जाळी पूर्ण भरली पाहिजे. ओव्हन १८० ला नीट तापवलेला असू द्या. आठ-दहा मिनिटांनी त्याच क्रमाने ताटात काढा आणि फोटो घेऊन ठेवा. कुठे गडद तपकिरी, कुठे पांढरी, ते लगेच कळतं. बहुतेक ओटीजींत मागची बाजू जास्त भाजते, कारण दाराच्या काचेतून आणि फटींतून उष्णता निसटत असते. खालचीही बाजू पालथी करून बघा, म्हणजे खालचा रॉड किती जोर लावतो ते समजेल.

उपाय सोपा आहे. भाजण्याचा दोन तृतीयांश वेळ झाला की डबा फिरवा, मागची बाजू पुढे. त्याआधी नाही. कारण पुढे येतंच आहे.

केकच्या पोटात काय चाललेलं असतं

हे समजलं की बिघडलेला केक बघूनच आच कशी होती ते ओळखता येतं.

पीठ आत गेल्यावर ३५ अंशांच्या आत लोणी वितळतं. मग बेकिंग पावडर वायू सोडू लागते, हवेचे बुडबुडे फुगतात, पाण्याची वाफ त्यांना आणखी ताणते. ६० ते ८० च्या दरम्यान अंड्यातली प्रथिनं गोठायला लागतात. त्यापुढे मैद्यातला किंवा रव्यातला स्टार्च पाणी शोषून घट्ट होतो, साखर जास्त असेल तर हे आणखी उशिरा होतं. मध्यभाग ९६-९८ अंशांना आला की केक झाला. वरचा रंग मात्र पृष्ठभाग कोरडा होऊन १४० च्या वर गेल्यावरच येतो. म्हणून रंग आला म्हणजे केक शिजला असं नाही, आणि उलटही नाही.

सगळा खेळ फुगणं आणि गोठणं यांच्या शर्यतीचा आहे. ओव्हन कमी तापलेला असेल तर बुडबुडे फुगतात, पण भिंती वेळेवर घट्ट होत नाहीत. वायू निसटतो, केक खाली बसतो, पोत जाड आणि चिकट होतो. तो शिजवायला मग जास्त वेळ ठेवावा लागतो आणि कडा कोरड्या पडतात. ओव्हन जास्त तापलेला असेल तर कडा आणि वरचा थर आधीच गोठतात, आतलं पीठ अजून फुगत असतं, त्याला जागा उरत नाही. ते मधून वर येतं आणि टोपीसारखा उंचवटा होऊन फुटतं. पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत दार उघडलं तरी केक बसतो: भिंती घट्ट होण्याआधी थंड हवा लागते आणि फुगलेला भाग खाली येतो. म्हणून दोन तृतीयांश वेळ होईपर्यंत दाराला हात नाही.

आपल्याकडच्या पदार्थांना हे लावून पाहू.

बात पीठ रात्रभर मुरवून करतात. तो जड आणि ओलसर असतो, त्याला घाई चालत नाही. खरे १७०-१७५ अंश आणि आठ इंची डब्यात ४५ ते ५५ मिनिटं. २०० ला ठेवलात तर वरचं खोबरं गडद होतं आणि सुरी घातली की आत ओला रवा लागतो.

बोलिन्हा रवा-खोबऱ्याच्याच, पण छोट्या, बिस्किटांसारख्या, त्यांना कडेने कुरकुरीतपणा हवा. १८० च्या आसपास ठेवा. ओव्हन १५० लाच अडकला असेल तर रंग यायच्या आत त्या वाळून दगड होतात. आमच्या घरातल्या नानकटाईचं उलट दुखणं. कमी आचेत तूप आधी वितळतं, मैदा गोठायला उशीर होतो आणि गोळे पसरून एकमेकांना चिकटतात. नानकटाई पसरली की सगळे तुपाच्या मापाला दोष देतात. आधी आच तपासा.

पावाला खरी आच लागते, २०० ते २२०. यीस्ट ६० अंशांच्या जवळ मरतं, पण मरण्याआधीच्या काही मिनिटांत पाव झपकन वर येतो. ओव्हन तेव्हा थंड असेल तर ती संधी गेली. वर जाड, फिकट साल आणि आत गच्च पाव उरतो.

बेबिंकाचा न्याय वेगळा. नारळाचा रस, अंड्याचे बलक, साखर, मैदा, जायफळ, आणि प्रत्येक थरावर चमचाभर तूप. गोव्याच्या बेबिंकाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्या पदार्थाची सगळी कला वरच्या आचेत आहे. पूर्वी मातीच्या भांड्यावर नारळाच्या सोडणांचे, म्हणजे बाहेरच्या सालांचे, निखारे ठेवून एकेक थर वरून भाजत. ओव्हनमध्ये फक्त वरचा रॉड चालू करायचा, जाळी वरच्या खाचेत. इथे हवेचं तापमान दुय्यम आहे, तांबड्या रॉडची थेट धग आणि तिच्यापासूनचं अंतर महत्त्वाचं. बटण १८० वर ठेवलं तर रॉड मध्येच बंद होतो आणि थर भाजण्याऐवजी नुसता सुकतो. म्हणून बटण सर्वांत वरच्या आकड्यावर ठेवा, समोर उभ्या राहा आणि प्रत्येक थराला तपकिरी डाग पडले की पुढचा ओता. सात थरांची बेबिंका करायला अर्धी दुपार जाते. पहिल्याच महिन्यात तिच्या वाटेला जाऊ नका, आधी बात हातात बसू दे.

वीज: आपल्याकडचा मोठा प्रश्न

रेसिपीच्या पुस्तकांत हे सापडत नाही, पण गावातल्या घरात याचाच त्रास होतो. रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात असते. २३० व्होल्टला १५०० वॅट देणारा रॉड २०० व्होल्टला सुमारे ११३० वॅटच देतो. व्होल्टेज १३ टक्के उतरलं, आच चतुर्थांश कमी झाली. मे महिन्यात संध्याकाळी घरोघरी एसी लागतात तेव्हा पंख्याचा वेग मंदावलेला आपण पाहतो. त्याच वेळी ओव्हन तापायला बराच जास्त वेळ घेतो, आणि २२० पर्यंत कदाचित पोचतच नाही. १७० चा केक अशा वेळी निभावतो, कारण रॉड जास्त वेळ पेटता राहून भरपाई करतो. पाव निभावत नाही. पाव करायचा तर सकाळी करा.

ओव्हन १६ अँपिअरच्या मोठ्या प्लगलाच लावा. १५०० वॅटला साडेसहा अँपिअर लागतात, छोट्या प्लगची मर्यादा सहाची. एक्स्टेन्शन बोर्डावर तर लावूच नका, वायर तापते आणि ओव्हनला मिळणारं व्होल्टेज आणखी घसरतं.

पावसाळ्यात माडाची झावळ तारेवर पडली की वीज गेलीच. केक आत असेल तर पहिली गोष्ट, दार उघडून बघू नका. घड्याळात वेळ लिहून ठेवा. पाच-सात मिनिटांत वीज आली तर तेवढीच मिनिटं वाढवा, बहुधा काही बिघडत नाही. दोन तृतीयांश वेळ होऊन गेला असेल तर केकच्या भिंती उभ्या राहिलेल्या असतात, तो उरलेल्या उष्णतेवरही तग धरतो. पहिल्या दहा मिनिटांत वीज गेली आणि अर्धा तास आली नाही तर तो केक बसणार. त्याचे तुकडे करून कस्टर्डमध्ये घाला, वाया घालवू नका.

आच स्थिर ठेवण्यासाठी

पोदेराची, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याची, भट्टी कधी आतून पाहिली असेल तर तिच्या भिंतींची जाडी लक्षात आली असेल. आत लाकडं पेटवून घुमट आणि फरशी तापवतात, निखारे बाजूला ओढतात आणि मग साठलेल्या उष्णतेवर पाव आणि उंडे (गोल पाव) भाजतात. शंभर पाव आत गेले तरी भिंतींत इतकी उष्णता असते की आच पटकन उतरत नाही. आपला ओटीजी म्हणजे पत्र्याचा डबा. त्याच्याकडे साठवण नाही, म्हणून त्याचे झोके मोठे.

त्याला थोडी साठवण आपण देऊ शकतो. जाड लोखंडी तवा, लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ नसलेला, सर्वांत खालच्या खाचेतल्या जाळीवर ठेवून ओव्हन तापवा. तवा तापायला वेळ लागतो, म्हणून ३० मिनिटं द्या. नंतर दार उघडलं तरी तो उष्णता परत देत राहतो, आणि खालच्या रॉडची थेट धगही अडवतो, त्यामुळे केकचा तळ करपत नाही. माझ्या मते थर्मामीटरनंतर दुसरा उपयोगी उपाय हाच. तवा ठेवल्यावर पुन्हा एकदा आकडे घ्या मात्र. अंगणातला चिऱ्याचा तुकडा वापरू नका, त्यात मुरलेलं पाणी तापून तो फुटू शकतो.

डब्याचाही फरक पडतो. काळा, नॉनस्टिक डबा उष्णता जास्त शोषतो, त्याला १० अंश कमी ठेवा. चकचकीत ॲल्युमिनियमचा नवख्यांना सर्वांत सोपा. केक मध्ये फुगून फुटत असेल तर जुन्या सुती कापडाची पट्टी ओली करून, पिळून, डब्याच्या बाहेरून गुंडाळा आणि टोक आतच खोचा. पट्टी रॉडपासून दूर राहील एवढं बघा. कडा सावकाश तापतात आणि केक सपाट येतो. डबा आणि भिंत यांत चारही बाजूंनी दोन बोटं जागा हवी, नाहीतर हवा फिरत नाही. पंखा असलेल्या ओव्हनमध्ये पंखा चालू असेल तर रेसिपीपेक्षा १५-२० अंश कमी.

परदेशी रेसिपीत ३५० दिसलं तर ते फॅरनहाइट आहे, आपले १७७. एका ओळखीच्या मुलीने बटण २५० च्या टोकाला नेऊन ठेवलं होतं, कारण ३५० सापडेना.

पहिला केक

पहिल्या केकसाठी बातच करा असं मी सुचवते. साहित्य घरात असतं, आणि मैद्याच्या स्पंजइतका तो नाजूक नाही. आदल्या रात्री पीठ मुरत ठेवा. सकाळी ते फ्रिजमधून काढून तासभर बाहेर राहू दे, थंडगार पीठ ओव्हनची आच खाली ओढतं. तवा घालून अर्धा तास ओव्हन तापवा, थर्मामीटर आतच ठेवा आणि कागदावरचा फरक धरून बटण लावा. डबा ठेवताना दार उघडून बंद करायला पाच मोजेपर्यंतचा वेळ.

३० मिनिटं काचेतून फक्त बघा. ३५ व्या मिनिटाला डबा फिरवा. वरून रंग पुरेसा आला असेल आणि मध्य हलत असेल तर फॉइलचा तुकडा सैलसर झाका, बटण कमी करू नका. ४५ ला वास घ्या, भाजल्या खोबऱ्याचा वास घरभर आलेला असतो. कडा डब्यापासून किंचित सुटल्या का, मध्ये बोटाने दाबलं की वर येतं का, सुरी स्वच्छ निघते का हे बघा. नसेल तर पाच-पाच मिनिटांनी पुन्हा.

वहीत तारीख, वेळ, बटणाचा आकडा, थर्मामीटरचा आकडा, कोणता डबा, किती मिनिटं आणि केक कसा झाला एवढं लिहा. चार-पाच केक झाले की तुमच्या ओव्हनचा स्वभाव त्या पानांवर दिसायला लागेल.

बात डब्यातच १५ मिनिटं ठेवून मग जाळीवर काढा. आणि कापायची घाई करू नका. आमच्याकडे तो दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर कापतात, तोवर नारळाचा ओलावा सगळीकडे सारखा मुरलेला असतो.